कवडी कुठं आहे?

तलावाच्या काठावर सगळं सोपं होतं. हिरासिंगनं पुसदच्या भंगारातली टाकी आणून पाणबुडी केली, पण बाजूचा पंख वर आहे की खाली, हे आतून दिसेना. मग त्यानं पंखाला सायकलच्या ब्रेकची तार बांधून आत घेतली आणि टोकाला बायकोच्या ओढणीवरची कवडी लावली. “कवडी वर, तं पंख वर. कवडी खाली, तं पंख खाली. महागाचं मशीन कायले पायजे?” तो म्हणाला. झाकणातून फक्त लेक रंजिताच मावायची. “तुयं पोट लहान असतं तं तूच गेला असता, बा,” म्हणत तिनं झाकण लावलं.

पाण्याखाली तिनं पंख खाली करायला चाक फिरवलं. कवडी मधोमधच राहिली. पंख अडला असेल म्हणून अजून फिरवलं. कवडी हलेना. मात्र कानांत दडे बसले, खिडकीतलं हिरवं पाणी काळं झालं, पत्रा कडकडला आणि ती बसल्या जागी पुढं घसरली. मग आठवलं, काठावर टाकी जमिनीला टेकलेली. बानं पंख फक्त वरच हलवून पाहिलेला. “बा, ब्रेकची तार ओढते, ढकलत नाई,” ती पुटपुटली. सायकलचा ब्रेक मागं नेते ती स्प्रिंग. इथं स्प्रिंगच नव्हती. तिनं केसांचा रबर काढला, कवडीत ओवून खालच्या खिळ्याला ताणून अडकवला. कवडी सरसर उतरून तळाला बसली. म्हणजे पंख पार खाली. तिनं पाय रोवून चाक उलटं ओढलं. तेव्हा कुठं कवडी तीळभर वर सरकली.