रिकामी लाट

ब्रिन बोटीच्या मागच्या ओट्यावरून पाण्यात उतरली आणि तिच्या आईने, जोनेलने, नारिंगी झेंडा वर धरला. आमच्या तळ्यावर माणूस पाण्यात तरंगत असला की झेंडा वर हवाच. दुसऱ्या बोटींनी लांबून जावं म्हणून. जोनेलने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

धक्क्यावरून शेजारचा ऑर्व्हल ओरडला, "काय लायल, आज कोणीतरी आहे वाटतं मागे! मला वाटलं, पुन्हा नुसती लाटच फिरवून आणतोस!"

म्हातारा तोंडाचा फटकळ, पण खोटं बोलला नव्हता. ही नवी बोट घेतल्यापासून ब्रिनचा बाप लायल दर शनिवारी तिच्यातल्या पिशव्यांत पाणी भरायचा, डावी बाजू जड करायचा आणि सायकलच्या वेगाने तळ्याला फेऱ्या मारायचा. मागे कमरेएवढी, गुळगुळीत लाट उठायची. तिच्यावर कोणी नसायचं. त्या लाटेने लोकांचे धक्के हलायचे, बांधलेल्या होड्या आपटायच्या, तरी लायलला कोणी कधी बोललं नाही. पोरगा गेलेल्या माणसाला काय बोलणार?

ब्रिनचा भाऊ गॅरेट गेला तो जुन्या बोटीमागे. त्या बोटीचा पाणी कापणारा पंखा मागच्या बाजूला बाहेर आलेला होता. तिच्याच मागे लायलने दोन्ही पोरांना पाण्यावर घसरायला शिकवलं, लांबलचक दोरीने, आणि कोणाच्या नखाला धक्का लागला नाही. मग गॅरेटने लाटेवर उभं राहायची फळी आणली. या खेळात माणूस बोटीच्या अगदी पाठीशी असतो. "दोरी आखूड करू, हळू चालवू, झालं," असं लायल म्हणाला होता. हळू म्हणजे सुरक्षित, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. गॅरेट पडला तो पुढे, पंख्याकडे. पाय तुटला, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत रक्त थांबलं नाही.

नव्या बोटीचा पंखा पोटाखाली, पार आत. मागे पडलेला माणूस तिथवर पोचत नाही. बैल गेला नि झोपा केला, हे लायलला कोणी सांगायची गरज नव्हती.

"त्या लाटेवर कोणी उभं राहिल्याशिवाय बाबा थांबायचा नाही," ब्रिन सकाळी आईला म्हणाली होती. "मी राहते."

आणि ती राहिली. इंजिन गुरगुरलं, दोरी ताणली गेली, ब्रिन फळीवर उठली. जोनेलने झेंडा खाली केला. आता तिचं काम एकच, पोरीवरची नजर हलवायची नाही.

"आई, दोरी टाकतेय! घे!"

"नको गं, धरून ठेव!"

"दोरी धरून कोण खेळतं? लाट ओढतेय मला. घे म्हणते ना!"

दोरी बोटीत येऊन पडली. जोनेलने ती ओढून छातीशी धरली. ब्रिनचे दोन्ही हात मोकळे होते आणि लाट तिला आपसूक पुढे आणत होती.

"बाबा, बघ! अरे आरशात बघ!"

लायलने सुकाणूपुढच्या आरशात बघितलं. ब्रिन हसत होती, अगदी भावासारखी, मान मागे टाकून. लायलला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

मग तिचा तोल गेला आणि लाटेने तिला गिळलं.

"पडली!" जोनेलने झेंडा उचलला.

ब्रिनचं डोकं लगेच वर आलं. तिने हात हलवला, काही झालं नव्हतं. लायलने बोट मोठ्या वळशाने फिरवली आणि इंजिन बंद केलं. पण तिच्यापासून फारच लांब.

"बाबा, जवळ आण ना! तिथून काय बघतोस?"

त्याने किल्ली काढून मुठीत घेतली होती. "इंजिन बंद आहे," तो म्हणाला, इतक्या हळू की पाण्यातल्या पोरीला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"लायल, तिला एवढं अंतर पोहायला लावू नकोस," जोनेल म्हणाली. "जवळ ने, मग बंद कर. सगळे तसंच करतात."

"इंजिन बंद आहे."

ब्रिनने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिला कळलं, बोट जवळ येणार नाही. फळी पोटाखाली घेऊन ती हातांनी पाणी मारत निघाली. वारा समोरचा होता. बोटीपाशी पोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. शिडीवरून वर येऊन ती मागच्या ओट्यावर बसली आणि दम खाऊ लागली.

लायल तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने तिचे दोन्ही पाय हातात घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं, बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या दिवशी आपण सगळेच बाळाची बोटं पाहतो तसं.

"आहेत रे बाबा, सगळी आहेत," ब्रिन म्हणाली. "गारठलेय मी. घरी चल."

जोनेलने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. लायल मात्र उठला नाही. ब्रिनच्या खांद्यावरून तो शिडीकडे बघत होता, शिडीखालच्या पाण्याकडे, अजून कोणी वर यायचं असावं तसा. किल्ली अजून मुठीतच होती.

जोनेल त्याच्या शेजारी बसली आणि हळूच त्याची मूठ उघडू लागली.

"ही एकटीच होती रे, लायल," ती म्हणाली. "पाण्यात दुसरं कोणी नाही."