हेडला गेलेली चीर

जुन्या हुबळीतल्या आपल्या गॅरेजात सत्याप्पा मिस्त्रीने दवाखान्याच्या जीपचं इंजिन वरून उघडलं होतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा बसल्या. पण धुताना सिलिंडरवरचं लोखंडी झाकण, म्हणजे हेड, त्याच्या हातून निसटलं, फरशीवर आपटलं आणि त्याला बारीक चीर गेली. सत्याप्पाने ती ग्रीस फासून लपवली.

दवाखान्याचा ड्रायव्हर दगडू दारातून म्हणाला, "अण्णा, झालं काय? बाळंतिणीला आणायला जायचंय. समदं नीट हाय न्हवं?"

"हाय की."

"न्हाई," उघड्या सिलिंडरमधून उत्तर आलं. आवाज सत्याप्पाचाच होता.

दगडू तोवर रस्त्यावरच्या नळाकडे वळला होता. शरमेने सत्याप्पाचे कान तापले. त्याने घाईघाईने हेड बसवलं, बोल्ट आवळले. आतली कुजबुज दबली.

दगडू परत येऊन जीपमध्ये बसला. पहिल्याच झटक्यात ती सुरू झाली.

"तुमचा हात लागला की काळजी न्हाई बगा!" दगडूने गिअर टाकला.

आता मात्र सत्याप्पाला राहवेना. दगडूला थांबवायला त्याने तोंड उघडलं, पण घशातून शब्दच फुटेना.

"थांब, दगडू," बॉनेटखालून त्याचा आवाज आला. "हेड फुटलंय. मीच पाडलंय."

दगडूने दचकून इंजिन बंद केलं.

सत्याप्पाचा आवाज मात्र बंद झाला नाही.