एका सिलिंडरचे ठोके

मागच्या बसने हॉर्न दिला, पुन्हा दिला, तरी बाबा गाडी बाजूला घेईनात. स्वानंदीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे त्यांनी आरशात पाहिलं आणि बसला वाट दिली. त्र्यंबक रोडवर सकाळची गर्दी होती. सातपूरच्या कारखान्यांतल्या पाळ्या बदलायची वेळ.

"बाबा, हॉर्न ऐकू नाही का आला?" तिने मागून विचारलं. उत्तर आलं नाही. डोक्यावर हेल्मेट होतं, समोरून वारा होता. तिने स्वतःचीच समजूत घातली.

बाबा, म्हणजे यज्ञेश्वरशास्त्री, पंचवटीतले पुरोहित. साठी उलटली तरी पूजेला मोटरसायकलवरच जायचे. गाडी जुनी, एकाच मोठ्या सिलिंडरची. सुरू झाली की शेजाऱ्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. आज सातपूरच्या एका कारखान्यात नव्या यंत्राची पूजा होती. बाबांना कमी ऐकू येतंय, असा स्वानंदीला बरेच दिवस संशय होता. विचारलं की ते विषय बदलायचे. म्हणून रजा टाकून ती मुद्दाम मागे बसली होती. खात्री झाली तर त्यांची गाडी बंद करायची, असं तिने ठरवलं होतं. पण ते त्यांना सांगायचा धीर होत नव्हता.

आणि खात्री तर होत नव्हती. चढ लागून इंजिन जड झालं, की बाबा नेमक्या क्षणी गिअर उतरवत होते. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याला हे जमेल कसं?

दिवाळीत तिने त्यांच्यासाठी नवी गाडी आणली होती. दोन सिलिंडरची, अगदी मऊ चालणारी. बाबा गंगाघाटापर्यंत एक फेरी मारून आले ते घामाघूम होऊन. सगळा रस्ता त्यांनी ती पहिल्याच गिअरमध्ये, इंजिनाला किंचाळायला लावत आणली होती. "नको मला ही," एवढंच म्हणाले. तिला तो हट्ट वाटला. ती गाडी मग तीच ऑफिसला नेऊ लागली.

कारखान्याचं वळण आलं. बाबांनी हात दाखवला आणि गाडी उजवीकडे घातली. मागून एक टेम्पो हॉर्नवर हात दाबून सुसाट येत होता.

"बाबा, थांबा!"

गाडी वळतच राहिली. तिने दोन्ही हातांनी त्यांचे खांदे मागे खेचले. ब्रेक लागला. टेम्पो हँडलला वीतभर अंतर ठेवून निघून गेला.

दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ती काहीतरी बोलत होती, रडत होती. बाबा तिच्याकडे एकटक पाहत होते.

"हेल्मेट काढ," ते म्हणाले. "तोंड दिसू दे तुझं."

तिने हेल्मेट काढलं. खात्री झाली.

"कधीपासून, बाबा?"

"वर्ष होईल. ओठ पाहून भागवतो."

"मग गिअर कसे टाकता?"

"पायांनी ऐकतो. हिचा एकेक ठोका तळपायात येतो, मांडीला लागतो. हिला दम लागला की ठोके लांब लांब पडतात. तुझ्या गाडीत एका सिलिंडरचा धक्का दुसरा गिळून टाकतो. त्या दिवशी मला कळेचना, इंजिन चालू आहे की बंद."

टेम्पो गेला त्या दिशेला त्यांनी पाहिलं.

"गाडी मला कळते गं. मागून काय येतंय ते कळत नाही. यापुढे तू चालव."

जे बोलायला तिला धीर होत नव्हता, ते त्यांनीच बोलून टाकलं होतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. ती पुढे बसली, बाबा मागे बसले. किक मारताच गाडी धडधडली. थोडं पुढे गेल्यावर तिच्या पाठीमागून, जरा जास्तच मोठ्याने, प्रश्न आला.

"कसा येतोय गं आवाज?"

पाठमोरी राहून दिलेलं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. तिने गाडी कडेला थांबवली, हेल्मेट काढून मागे वळली आणि ओठ सावकाश हलवत त्यांना तो आवाज सांगू लागली.