सुक्या बोंबलाचा वास

मयुरीचं सासर जैन, त्यामुळे लग्नानंतर तिने मासळी सोडली. रविवारी ती नवऱ्यासोबत मोरव्याला माहेरी आली, की आशाताई पुरणपोळीच करायच्या. आजही पानं वाढली आणि मयुरी ताट घेऊन खिडकीशी गेली. शेजारी सुके बोंबील भाजत होते.

"आई, काय वास सुटलाय गं!"

"या हौसाबाईला काही वेळकाळच नाही. खिडकी लावू?"

"राहू दे ना."

मयुरी तिथेच उभ्याने जेवली.

लेक-जावयाची रिक्षा वळल्यावर आशाताई शेजारी गेल्या. हौसाबाई दारातच वाट बघत होत्या.

"तू बोललीस तशी शेगडी खिडकीत ठेवलेली. पोचला काय गो वास पोरीला?"