कोरी नोंद

सलाईनचा पंप चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम म्हणजे माझाच जुना कोड. त्यातल्या दोन लॉकचा, म्हणजे एका वेळी एकाच कामाला वाट देणाऱ्या कुलपांचा, क्रम नव्या इंजिनिअरनं उलटा केला आणि बदल माझ्याकडे तपासायला पाठवला. “चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस?” मी कुरकुरलो. “सर, अलार्म वाजायच्या क्षणी नर्सनं बटण दाबलं तर दोन्ही लॉक एकमेकांची वाट बघत बसतात. पंप अडकतो, बटण दाबल्याची नोंदही होत नाही.” तिनं टेबलावरच्या पंपावर माझा जुना कोड चालवून तसं करून दाखवलं. पंप थांबला, नोंद कोरी. गेल्या वर्षी असाच पंप थांबला, पेशंट दगावला, माझ्या नर्स बहिणीची नोकरी गेली. “मी तीनदा बटण दाबलं रे,” ती सांगत राहिली. नोंद तपासून मीच म्हणालो होतो, “ताई, मशीन खोटं बोलत नाही.” आता मी स्वतः बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. नोंद कोरीच.