सगळ्यांचे पेले

कागदी कप बंद झाले. कचरा कमी होणार म्हणून, मी चहा करतो त्या ऑफिसात टाळ्या वाजल्या आणि सगळ्यांसाठी स्टीलचे सारखे पेले आले.

त्या दिवसापासून झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंनी माझा चहा सोडला. मी चिडलोच. “माझ्या चहाला झालं काय?”

“चहाला नाही हो भाऊ. कागदी कप टाकून देता यायचा. धुणीभांडी करते त्या घरांत माझा कप वेगळा, खिडकीत असतो. इथं माझा पेला साहेबांकडे गेला तर?”

मी पेला भरून त्यांच्या हातात कोंबला. त्या प्यायल्या. तोच पेला मी त्यांच्यादेखत घासला, पुन्हा भरला आणि साहेबांना दिला.

घोट घेऊन साहेब म्हणाले, “आज आलं छान उतरलंय.”

मी वळलो. शेवंताबाईंनी ट्रेमधला भरलेला पेला स्वतःच उचलला होता.