झाऊखालचा तुकडा

माझी बायको निनदल्ला तिच्या माहेरच्या शेतात, झाऊच्या झाडाखाली पुरलेली आहे. मी तिला पाणी घालायला जायचो, तेव्हा तिचा मामेभाऊ उरमेस माझ्या आधीच तिथं येऊन बसलेला असायचा. लग्नाआधी तिचं त्याच्याशीच ठरलं होतं.

शेत तिच्या आजोळकडून आलेलं; तिच्या मागं तिचा वाटा माझ्याकडे आला होता, आणि उरमेसही वाटेकरी होता. त्याचं येणं बंद व्हावं म्हणून मी शेत विकायला काढलं. पाणी घालायला मला एकट्याला येऊ द्यायचं, हे घेणाऱ्यानं कबूल केलं होतं.

आमच्या गिर्सू शहरात शेत विकताना घेणारा सगळ्या वाटेकऱ्यांना जेवू घालतो. जो भाकरी खाईल त्याचं नाव ओल्या मातीच्या पाटीवर उमटतं, आणि त्याचा शेतावरचा हक्क सुटतो.

"दाजी, बसा, मासा निवतोय," मेव्हणा शेशकल्ला म्हणाला. उरमेसकडे बघत मी पहिला घास घेतला. लेखनिकानं माझं नाव पाटीवर उमटवलं. मग एकेक करून सगळे जेवले. उरमेसची भाकरी तशीच होती.

"खा की बाबा, माती वाळायला लागली," लेखनिक त्याला म्हणाला.

"मला भूक नाही."

"अरे, खुद्द नवऱ्यानं खाल्ली. तुझं काय अडलंय?" शेशकल्ला हसला.

"तुम्ही खा. माझ्या वाट्याचा झाऊखालचा तुकडा तेवढा विक्रीतून वगळा," उरमेस म्हणाला आणि उठला.



निनदल्लाला पाणी घालायचं तर उद्यापासून मला उरमेसला विचारावं लागेल.